सूर्य पाहावा, पण डोळे राखून : छोट्या दुर्बिणीतून सुरक्षित सूर्यनिरीक्षण

दुर्बीण म्हटली की अंधारी रात्र, शनीची कडी आणि चंद्रावरील विवरे डोळ्यांपुढे येतात. शहरात राहणाऱ्या हौशी निरीक्षकाच्या वाट्याला मात्र यातले फारच थोडे येते. रस्त्यावरील दिवे, जाहिरातींचे फलक आणि धुरकट हवा यांमुळे मुंबई-पुण्याच्या आकाशातून तारे जवळपास हद्दपार झाले आहेत. हौसेने आणलेली दुर्बीण मग काही महिन्यांतच माळ्यावर जाते. तथापि एक तारा असा आहे, की ज्याला शहरातील दिव्यांची कसलीही बाधा होत नाही. तो भरदिवसा दिसतो, त्याचे रूप रोज थोडे बदलते आणि त्याच्या अभ्यासासाठी ६० मिलिमीटर व्यासाची साधी दुर्बीणही पुरते. हा तारा म्हणजे आपला सूर्य.

सूर्यनिरीक्षणाची एक अट मात्र इतर सर्व आकाशनिरीक्षणाहून वेगळी आहे. चंद्र पाहताना चूक झाली तर चित्र अस्पष्ट दिसते, एवढेच. सूर्य पाहताना चूक झाली तर दृष्टी जाते आणि ती परत मिळण्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. म्हणूनच दुर्बीण सूर्याकडे वळविण्यापूर्वी धोका कोठे आहे आणि तो कसा टाळावा, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

धोका नेमका कोणता?

भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसून सुमारे दोन मिलिमीटरची होते. ६० मिलिमीटरचे वस्तुभिंग तिच्या तुलनेत ९०० पट क्षेत्रफळावरील प्रकाश गोळा करते. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हा सारा प्रकाश अवघ्या साडेसहा मिलिमीटरच्या, म्हणजे मटाराच्या दाण्याएवढ्या सूर्यप्रतिमेत एकवटतो. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ ज्यांनी केला असेल, त्यांना याचा परिणाम वेगळा सांगावयास नको.

अधिक गंभीर बाब अशी, की डोळ्यातील दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. बोट भाजले तर आपण ते चटकन मागे घेतो. दृष्टिपटल भाजत असताना तसा कोणताही इशारा मिळत नाही. तीव्र प्रकाशामुळे तेथील पेशींमध्ये रासायनिक बिघाड होतो आणि अवरक्त किरणांच्या उष्णतेने त्यात भर पडते. परिणाम बहुधा काही तासांनी जाणवतो. वाचताना मधलीच अक्षरे दिसत नाहीत, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काळसर ठिपका दिसतो. असे काही जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून पाहण्यानेही असा अपाय होऊ शकतो. दुर्बिणीतून तो क्षणार्धात होतो.

दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यामुळे गॅलिलिओ आंधळा झाला, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाही. त्याने सूर्यावरील डागांचे निरीक्षण केले ते १६१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, तर त्याची दृष्टी गेली ती १६३७-३८ च्या सुमारास, वार्धक्यात. बेनेदेत्तो कास्तेली या त्याच्या शिष्याने दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून ती गिरविण्याची युक्ती सुचविली आणि गॅलिलिओने तीच अवलंबिली. १६१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सौरडागांवरील पत्रांतील रेखाचित्रे याच पद्धतीने तयार झाली. चारशे वर्षांनंतरही ही पद्धत तितकीच उपयुक्त आहे.

पहिला मार्ग : दुर्बिणीच्या तोंडावरील फिल्टर

सूर्य थेट नेत्रिकेतून पाहावयाचा असेल तर प्रकाश दुर्बिणीत शिरण्यापूर्वीच अडविला पाहिजे. यासाठी वस्तुभिंगाच्या पुढे, दुर्बिणीच्या पूर्ण तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर वापरतात. धातूचा अतिशय पातळ लेप दिलेली काच किंवा तसाच लेप दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा, असे याचे दोन प्रकार मिळतात. डोळ्यांनी पाहण्यासाठी बनविलेला फिल्टर दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत सोडतो. केवळ छायाचित्रणासाठी बनविलेला पापुद्रा याहून बराच अधिक प्रकाश सोडतो. तो डोळ्यांसाठी कदापि वापरू नये. खरेदी करताना वेष्टनावरील हा भेद आवर्जून वाचावा.

पापुद्रा सुटा मिळाल्यास जाड पुठ्ठ्याची दोन कडी कापून त्यांच्यामध्ये तो चिकटवावा आणि दुर्बिणीच्या नळीवर घट्ट बसेल अशी पुठ्ठ्याची टोपी तयार करावी. पापुद्रा ताणून बसवू नये. किंचित सुरकुत्या राहिल्या तरी प्रतिमेत फरक पडत नाही. टोपी नुसती अडकवून न ठेवता चिकटपट्टीने नळीला पक्की करावी. गच्चीवर वाऱ्याची एक झुळूक आली आणि फिल्टर उडाला, तर त्या क्षणी नेत्रिकेला लावलेला डोळा वाचविता येत नाही.

प्रत्येक वापरापूर्वी फिल्टर प्रखर दिव्यासमोर धरून तपासावा. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, ओरखडा किंवा लेप उडालेली जागा दिसल्यास तो टाकून द्यावा. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

येथे एका जुन्या वस्तूबद्दल सावध करणे अगत्याचे आहे. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसविण्याचा गडद काचेचा छोटा फिल्टर मिळे आणि जुन्या पेट्यांतून तो अजूनही सापडतो. हा फिल्टर नेमका तेथे बसतो, जेथे दुर्बिणीने गोळा केलेली सारी उष्णता एकवटलेली असते. तापून त्याची काच अकस्मात तडकते आणि प्रकाशाचा झोत थेट डोळ्यात शिरतो. असा फिल्टर मिळाल्यास तो फोडून कचऱ्यात टाकावा. कोणाला देऊही नये.

ग्रहणाच्या वेळी मिळणारे कागदी चष्मेही दुर्बिणीबरोबर चालत नाहीत. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले असले, तरी ते नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापुरतेच आहे. असा चष्मा लावून विनाफिल्टर दुर्बिणीत डोकावल्यास एकवटलेला प्रकाश चष्म्याचा पापुद्रा क्षणात जाळून टाकतो. वेल्डिंगची काच, क्ष-किरण चित्राची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल यांचा दुर्बिणीच्या संदर्भात विचारही करू नये. ग्रहणात पाण्याने किंवा शेणपाण्याने भरलेल्या परातीत सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची आपल्याकडील रीतही वाटते तितकी निर्धोक नाही. सूर्य डोक्यावर असताना स्थिर पाणी सुमारे दोन टक्के प्रकाश परावर्तित करते; म्हणजे चांगल्या सौर फिल्टरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे दोन हजार पट.

दुसरा मार्ग : कागदावर प्रतिमा

कास्तेलीच्या पद्धतीत कोणीही दुर्बिणीत डोकावत नाही. नेत्रिकेच्या मागे काही अंतरावर पांढरा जाड कागद धरला की त्यावर सूर्याचे बिंब उमटते आणि पाच-सहा जणांना ते एकाच वेळी पाहता येते. शाळेतील विद्यार्थ्यांसाठी हाच मार्ग अधिक चांगला.

बिंब किती मोठे पडेल, याचे गणित सोपे आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला १०७ ने भागले की नाभीवरील सूर्यप्रतिमेचा व्यास मिळतो. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो साडेसहा मिलिमीटर येतो. २० मिलिमीटरची नेत्रिका वापरून कागद तिच्यापासून सुमारे ४८ सेंटिमीटरवर ठेवला, तर १५ सेंटिमीटर व्यासाचे बिंब मिळते. कागद दूर नेल्यास बिंब मोठे परंतु फिके होते. पुठ्ठ्याच्या मोठ्या तक्त्याला मधोमध भोक पाडून तो नळीवर अडकविला, की त्याची सावली कागदावर पडते आणि बिंब अधिक उठावदार दिसते.

या पद्धतीतही काही पथ्ये पाळावी लागतात. उष्णतेमुळे महागड्या नेत्रिकांतील चिकटविलेली भिंगे खराब होऊ शकतात आणि प्लास्टिकचे भाग वितळतात. म्हणून धातूच्या नळीतील साधी, सुटी भिंगे असलेली हायगेन्स किंवा रॅम्सडेन पद्धतीची नेत्रिका वापरावी. दुर्बीण मोठ्या व्यासाची असल्यास तिच्या तोंडावर पुठ्ठ्याचे झाकण बसवून त्यात ५० ते ६० मिलिमीटरचे भोक ठेवावे. आरसा आणि भिंग यांच्या संयोगातून बनलेल्या बंद नळीच्या आखूड दुर्बिणी प्रक्षेपणासाठी वापरू नयेत. त्यांच्या आत उष्णता साठून भाग बिघडतात. दर काही मिनिटांनी दुर्बीण सूर्यावरून हटवून तिला थंड होऊ द्यावे. कागद आणि नेत्रिका यांच्या दरम्यान कोणाचेही डोके जाणार नाही, याकडे एका जाणत्या माणसाने सतत लक्ष ठेवावे.

दुर्बीण उभारताना

पहिले काम शोधक दुर्बिणीचे. मुख्य दुर्बिणीवर बसविलेली ही छोटी दुर्बीण अनेकांच्या लक्षातच राहत नाही. तिच्यातून सूर्य पाहणे तितकेच घातक आहे. ती काढून ठेवावी किंवा तिच्या दोन्ही टोकांना घट्ट टोपणे लावावीत.

त्यानंतर तिपाई समतल जागेवर पक्की रोवावी, फिल्टर तपासून नळीवर बसवावा आणि मगच नळी सूर्याकडे वळवावी. हा क्रम कधीही उलटा करू नये. प्रक्षेपण करावयाचे असेल तर दिशा साधेपर्यंत वस्तुभिंगावरील टोपण तसेच ठेवावे.

सूर्य शोधण्यासाठी नळीच्या कडेने डोळा लावून नेम धरू नये. त्याऐवजी जमिनीवर किंवा कागदावर पडलेली नळीची सावली पाहावी. नळी तिरपी असेल तर सावली लांबट पडते. ती जसजशी सूर्याच्या रोखाने येते तसतशी सावली आखूड होत जाते. सावली अगदी लहान व वाटोळी झाली की सूर्य दृष्टिक्षेत्रात आला असे समजावे. सुरुवातीला सर्वांत कमी वर्धन देणारी नेत्रिका लावावी. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २० मिलिमीटरची नेत्रिका ३५ पट वर्धन देते आणि संपूर्ण बिंब त्यात आरामात मावते. बिंबाची कड रेखीव दिसेपर्यंत फोकस साधावा, मग एखाद्या डागावर तो अधिक नेमका करावा.

पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य सुमारे दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकतो. चालकयंत्र नसलेली दुर्बीण त्यामुळे सतत हलवावी लागते. हीच गोष्ट दिशा ओळखण्यास मात्र उपयोगी पडते. दुर्बीण स्थिर ठेवल्यास बिंबाची जी कड प्रथम दृष्टिक्षेत्राबाहेर जाते, ती पश्चिमेची. नळी हलकेच उत्तरेकडे ढकलल्यास जी कड शेवटपर्यंत दिसत राहते, ती उत्तरेची.

निरीक्षण चालू असताना दुर्बीण एक क्षणही एकटी सोडू नये. चहासाठी खाली जावयाचे असल्यास तिचे तोंड सूर्यापासून वळवून टोपण लावावे. कुतूहलापोटी फिल्टर काढून पाहणारे मूल किंवा शेजारी यांना दोष देण्यात अर्थ नसतो. जबाबदारी दुर्बीण मांडणाऱ्याची असते. खिडकीत उघडी ठेवलेली दुर्बीण उन्हाच्या तिरिपेने पडदा पेटवू शकते, हेही ध्यानात असावे.

वेळ आणि जागा

सूर्य माथ्यावर असताना तो सर्वांत स्वच्छ दिसेल, असा समज असतो. प्रत्यक्षात सिमेंटची गच्ची आणि आजूबाजूची छपरे तापली, की त्यांवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे बिंबाची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरते. म्हणून सकाळी साधारण ८ ते १० ही वेळ उत्तम. शक्य असल्यास गच्चीऐवजी हिरवळीवर दुर्बीण मांडावी. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली गेली, त्यामागेही हेच कारण आहे. पाण्यावरील हवा जमिनीवरील हवेइतकी तापत नाही.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे महिने ढगांचे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. त्या वेळी नळी उभी होऊन नेत्रिकेशी बसणेही अवघड होते. निरीक्षकाने टोपी घालावी, डोक्यावर सावली धरावी आणि पाणी जवळ ठेवावे.

काय दिसते?

प्रथमदर्शनी दिसते ते पांढरे वा किंचित नारिंगी, कडेकडे मंद होत जाणारे बिंब. कडेकडील प्रकाश सूर्याच्या वरच्या, तुलनेने थंड थरांतून येतो, म्हणून ती मंद दिसते. त्यावर नजर ठरली की काळे ठिपके दिसू लागतात. हेच सौरडाग. मोठ्या डागाच्या मध्यभागी गडद गाभा आणि भोवती करड्या रंगाची झालर असते. डाग काळे दिसतात ते केवळ तुलनेने. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर डागांच्या गाभ्याचे त्याहून दीड-दोन हजार अंशांनी कमी असते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे खालून येणारी उष्णता तेथे अडते.

१५ सेंटिमीटरच्या बिंबावर आपली पृथ्वी काढावयाची झाल्यास ती १.४ मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी होईल. एखादा डाग त्याहून मोठा दिसला, की त्यात अख्खी पृथ्वी मावेल हे मनात येते आणि आकाराची खरी कल्पना येते. बिंबाच्या कडेजवळ डागांभोवती उजळ, तंतुमय पट्टेही दिसतात. १०० मिलिमीटरची दुर्बीण आणि स्थिर हवा असल्यास पृष्ठभागावरील बारीक दाणेदार पोतही जाणवतो. त्यातील प्रत्येक दाणा सुमारे हजार किलोमीटरचा असतो. सूर्याच्या कडेवरील ज्वाला मात्र या साध्या फिल्टरमधून दिसत नाहीत. त्यासाठी हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची अतिशय अरुंद पट्टी निवडणारी खास दुर्बीण लागते आणि ती बरीच महाग असते.

नोंदींचे मोल

रोज एकाच आकाराचे वर्तुळ आखून त्यात डाग काढावेत आणि तारीख, वेळ, हवेची स्थिती लिहावी. आठवडाभरातच डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात. विषुववृत्ताजवळचा डाग सुमारे दोन आठवड्यांत बिंब ओलांडतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो, याचा हा घरबसल्या मिळणारा पुरावा. डागांची मोजणी करण्यासाठी झुरिकच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी १९व्या शतकात सुचविलेली रीत आजही वापरात आहे. समूहांच्या संख्येला १० ने गुणून त्यात एकूण डागांची संख्या मिळवावी. तीन समूह आणि त्यांत मिळून ११ डाग असतील, तर आकडा ४१ येतो.

अशा नोंदी निरुपयोगी समजू नयेत. जर्मनीतील देसाऊ येथील औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे यांनी १८२६ पासून लहान दुर्बिणीने रोज सूर्य पाहिला. बुधाच्या आतील एखादा ग्रह सापडेल, ही त्यांची आशा होती. ग्रह सापडला नाही. सतरा वर्षांच्या नोंदींतून डागांचे चक्र मात्र सापडले. हे चक्र सरासरी ११ वर्षांचे असते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन प्रक्षेपित बिंबावरील डाग रेखाटत असताना त्यांना डागांवर दोन झगझगीत ठिणग्या दिसल्या. सौरज्वाळेची ती पहिली नोंद. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले आणि तारायंत्रे कोलमडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींत त्या वादळाचा ठसा आहे आणि त्याची तीव्रता ठरविण्यासाठी २१व्या शतकातील शास्त्रज्ञांनी त्या पुन्हा अभ्यासल्या.

महाराष्ट्राचा सूर्याभ्यासाशी असलेला संबंधही जुना आहे. पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथून अभ्यासले. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेली. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'आदित्य-एल१' यानावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.

पुढील संधी

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या २५व्या सौरचक्रात मे २०२४ मधील एक डागसमूह इतका विस्तीर्ण होता, की ग्रहणाच्या चष्म्यातूनही तो दिसला. त्यातून उठलेल्या वादळामुळे लडाखमधील हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. चक्राचा बहर ओसरल्यावरही काही वर्षे मोठे डाग अधूनमधून उमटतच राहतात.

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची खग्रास अवस्था भारताबाहेर आहे. पश्चिम भारतातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, पावसाळी ढगांनी साथ दिली तर. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसेल आणि त्याचा इवलासा काळा ठिपका पाहण्यास दुर्बीण लागेलच. खंडग्रास व कंकणाकृती ग्रहणात, तसेच अधिक्रमणात फिल्टर एक क्षणही काढावयाचा नसतो. सूर्याची बारीकशी कोर उरली तरी तिची प्रत्येक बिंदूवरील प्रखरता कमी झालेली नसते.

थोडक्यात, फिल्टर नेहमी पुढे, शोधक दुर्बीण बंद, नेम सावलीवरून आणि दुर्बिणीजवळ कायम एक जाणता माणूस, एवढी चार पथ्ये पाळावीत. शंका वाटेल तेव्हा नेत्रिकेत न डोकावता कागदावरील बिंबावर समाधान मानावे. त्यात सूर्याचे काहीच कमी दिसत नाही आणि पाहणाऱ्याचे डोळे दुसऱ्या दिवशीच्या नोंदीसाठी शाबूत राहतात.